खार, कांदळ आणि कर्ब : सिंधुदुर्गच्या खाड्यांची दोन शतके

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा उत्तरेस विजयदुर्गच्या वाघोटण खाडीपासून दक्षिणेस गोव्याच्या हद्दीवरील तेरेखोलपर्यंत सुमारे १२१ किलोमीटर पसरलेला असून देवगड, आचरा, कालावल, कोळंब, कर्ली, मोचेमाड अशा लहानमोठ्या खाड्यांनी तो जागोजागी फोडलेला आहे. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आखूड पण वेगवान नद्या पावसाळ्यात जो गाळ आणतात तो खाडीत भरतीच्या पाण्याला अडून खाली बसतो, आणि दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या गाळाच्या पट्ट्यात कांदळ, तिवर, चिप्पी, काजळा, मारांडी या खारफुटीच्या झाडांची दाटी वाढते. वातावरणातील जादा कर्ब काढून घेण्याचे एक साधन म्हणून आज ज्या चिखलाकडे पाहिले जाते, तोच चिखल एके काळी भातशेतीसाठी सुकवण्यात आला, पुढे शेती परवडेना म्हणून भरतीला परत मिळाला आणि त्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने वन ठरला. या तिन्ही घडामोडींत कर्बाचा विचार कोणाच्याही मनात नव्हता. तो विचार सर्वांत शेवटी आला, आणि आला तेव्हा करण्यासारखे बरेचसे काम इतर कारणांनी आधीच होऊन गेले होते.

खाडीच्या चिखलाला हे महत्त्व का आले, ते समजून घेण्यासाठी झाडाच्या खोडाकडे पाहून भागत नाही. प्रत्येक वनस्पती प्रकाशसंश्लेषणाच्या क्रियेने हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातील कर्बापासून लाकूड, पाने व मुळे घडवते. परंतु डोंगरउतारावरील जंगलात गळालेली पाने व मेलेली मुळे बुरशी, वाळवी आणि जिवाणू यांच्या कामामुळे लवकर कुजतात आणि त्यांतील कर्बाचा मोठा भाग पुन्हा हवेत जातो. खाडीतला गाळ मात्र पाण्याने इतका गच्च भरलेला असतो की वरच्या काही सेंटिमीटरांखाली प्राणवायू पोहोचतच नाही, आणि म्हणूनच तिवरासारख्या झाडाला आपली श्वसनमुळे चिखलातून बोटभर वर काढावी लागतात. अशा प्राणवायू नसलेल्या थरात कुजण्याची क्रिया अत्यंत मंदावते. समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरणारे जिवाणू तिथे काम करतात, त्यांच्यामुळे ओहोटीच्या वेळी खाडीकाठी सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि मिथेन हा तापमान वाढवणारा दुसरा वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ते फारसे वाढू देत नाहीत. प्रत्येक भरतीबरोबर गाळाचा नवा पापुद्रा वर बसत जातो आणि खालचा कर्ब, कोणी ढवळले नाही तर, शेकडो वर्षे तसाच राहतो. उलटपक्षी, त्या गाळाभोवती बांध घालून तो सुकवला की त्यात हवा शिरते, साठलेला कर्ब जळू लागतो आणि गंधकयुक्त खनिजांपासून आम्ल तयार होऊन जमीनही काही काळ आंबट होते.

कोकणातल्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जे केले ते हेच होते, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट जमीन इतकी थोडी की खाडीकाठचा गाळ ही भातशेतीला मिळू शकणारी जवळजवळ एकमेव नवी जागा होती. भरतीच्या सर्वांत उंच रेषेचा अंदाज घेऊन खाडीच्याच चिखलाचा बांध घालायचा, त्याला समुद्राकडच्या बाजूने दगडांची साथ द्यायची आणि एका ठिकाणी पाण्यासाठी दार ठेवायचे, अशी ही पद्धत. या दाराला उघाडी म्हणतात. दगडी किंवा लाकडी चौकटीत बसवलेली तिची झडप अशी टांगलेली असते की ओहोटीच्या वेळी शेतातील पावसाचे पाणी आतून रेटा देऊन ती उघडते आणि भरती येऊ लागली की बाहेरचे खारे पाणीच तिला घट्ट बंद करते. माणसाने हात लावण्याची गरज पडत नाही, आणि पडली तर काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. अशा बांधून काढलेल्या जमिनीला खार म्हणतात, आणि नव्या खारेत पहिल्या काही पावसाळ्यांत पीक येत नाही. जून-जुलैच्या पावसाने मीठ धुऊन निघाल्यावरच खारट जमीन सोसणारे भात त्यात तग धरते. रायगडकडचा राता आणि गोव्याच्या खाजनातला, म्हणजे तिकडच्या खारेतला, कोरगुट हे असेच वाण. एक पावसाळी पीक, तेही मध्यम उताऱ्याचे, आणि उरलेले आठ महिने पडीक, एवढ्यासाठी बांधाची राखण मात्र बारमाही: खेकड्यांची बिळे बुजवणे, उन्हाळ्यात भेगा लिंपणे आणि उधाणाच्या भरतीला रात्री फेरी मारणे.

बांधाबाहेर उरलेल्या खारफुटीलाही गिऱ्हाईक होतेच. तिचे लाकूड चुलीत जाई, तिवराचा पाला गुरांना घातला जाई, आणि नायलॉन येण्यापूर्वी सुती जाळी टिकावी म्हणून ज्या टॅनिनयुक्त साली उकळून वापरत त्यांत कांदळाची साल होती. दक्षिणेकडे शिरोड्याला भरतीचा सपाट पट्टा मिठागरांखाली गेला होता. १९३०च्या मे महिन्यातील मिठाच्या सत्याग्रहामुळे ही मिठागरे इतिहासाच्या पुस्तकात आली. म्हणजे भात, मीठ आणि सरपण या तीन गरजांनी खाडीचा काठ आतून-बाहेरून कुरतडलेला होता. त्या काळात किती कर्ब चिखलातून हवेत गेला याचा आकडा कोणी मोजलेला नाही, आणि एका जिल्ह्याच्या अरुंद खाड्यांपुरता तो जगाच्या मानाने नगण्यच असणार. पण गेल्याची दिशा स्पष्ट आहे.

या रचनेला पहिला मोठा हादरा स्वातंत्र्यानंतर लगेचच बसला. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले हे त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्याचे भाग होते (सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला), आणि तेथील बहुसंख्य गावांत खोती पद्धत होती. खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला वसुलीदार; त्याच्या जुलमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खोटे नाही, परंतु गावाची मजुरी एकत्र आणून बांध राखून घेण्याची सत्ताही त्याच्याकडेच होती. १९४९च्या कायद्याने खोती गेली. त्याच्या आदल्याच वर्षी झालेल्या मुंबई खारभूमी कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारी मंडळाकडे आणण्याची व्यवस्था केली होती आणि पुढे १९७९मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदाही केला. तरीही कागदावरचे मंडळ आणि उधाणाच्या रात्री बांधावर कंदील घेऊन उभा राहणारा माणूस यांच्यात अंतर राहिले ते राहिलेच. कूळ मालक झाले, पण तुकड्या-तुकड्यांचे. एका खारेचे वीस मालक, आणि त्यांतले निम्मे मुंबईला गिरणीत. चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घराला रेशनचे तांदूळ खारभातापेक्षा स्वस्त पडू लागले, मजूर मिळेनासे झाले, उघाडीची फळी कुजली ती बदलली गेली नाही. बांध एका जागी फुटला की आतली सगळी खार खारट होते, आणि एकदा खारट झालेली जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे लागत असल्यामुळे तेवढी वाट पाहणारा मालक गावात उरलेला नसे.

फुटलेल्या बांधातून भरती आत आली आणि तिच्याबरोबर बियाही आल्या. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हातभर लांबीची हिरवी शेंगेसारखी काडी फांदीला लोंबत राहते, पिकल्यावर सुटून पडते, पाण्याबरोबर आडवी तरंगत जाते आणि खालचे जड टोक चिखलात टेकले की उभी राहून मुळे धरते. त्यामुळे सोडून दिलेल्या खारेत कोणी लावल्यावाचून पाच-दहा वर्षांत कांदळ आणि तिवर उभे राहिले. कोकणातील खारफुटीच्या पुनरागमनाचे श्रेय बहुतेक लेखनात कायद्यांना आणि लागवडीच्या मोहिमांना दिले जाते. परंतु सिंधुदुर्गच्या खाड्यांपुरते तरी, मजुरांची टंचाई आणि मुंबईतल्या परळ-लालबागच्या गिरण्यांची ओढ यांचा त्यातला वाटा कोणत्याही मोहिमेपेक्षा कमी मानता येणार नाही.

शास्त्रज्ञांचे लक्ष याच सुमारास या पट्ट्याकडे वळले. केंद्र सरकारने १९७६मध्ये राष्ट्रीय कांदळवन समिती नेमली. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ येथील अभ्यासकांनी कोकणच्या खाड्यांतील वनस्पतींची नोंद केली, आणि केंद्राने संवर्धनासाठी निवडलेल्या कांदळवन क्षेत्रांच्या यादीत आचरा-रत्नागिरी, देवगड-विजयदुर्ग आणि मालवण ही नावे आली. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ व इतर जीवसृष्टीसाठी १३ एप्रिल १९८७ रोजी २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी त्याला जो विरोध केला तो दीर्घकाळ टिकला, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभा ज्यांच्या जाळ्यांचा होता त्यांना न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली होती. संरक्षण म्हणजे बंदी, ही समजूत किनाऱ्यावर तेव्हापासून रुजली, आणि पुढच्या प्रत्येक योजनेला तिचा सामना करावा लागला.

१९ फेब्रुवारी १९९१च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने खारफुटीला सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात टाकले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी कोळंबी प्रकल्पांविषयी दिलेल्या निकालाने खाडीकाठ खणून तळी करण्याच्या लाटेला आळा घातला. निर्णायक वळण मात्र मुंबईतून आले. ‘बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटीच्या तोडीवर पूर्ण बंदी घातली, तिच्यापासून ५० मीटरांच्या आत बांधकाम करण्यास मनाई केली, सरकारी जमिनीवरील खारफुटी संरक्षित वन म्हणून घोषित करण्याचा आदेश दिला आणि खासगी जमिनीवरील खारफुटीही वन समजण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८च्या अंतिम निकालात या नाशाचा संबंध जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडण्यात आला. याचिका मुंबईतील भराव आणि राडारोडा यांच्यापासून निघालेली होती, पण तिची कक्षा तेरेखोलपर्यंत पोहोचली, आणि ज्या शेतकऱ्याच्या फुटक्या खारेत आपोआप कांदळ वाढला होता त्याला बांध पुन्हा बांधायचा तर आता तो वनाचा नाश ठरू लागला. ५ जानेवारी २०१२ रोजी वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, तीन वर्षांनी कांदळवन प्रतिष्ठान आले, आणि २०२०मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान देण्यात आला. देशात असे करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

सिंधुदुर्गात मनाईच्या पलीकडे काही करण्याचा प्रयत्न २०११नंतरच्या संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात दिसतो. जागतिक पर्यावरण निधीच्या साहाय्याने राज्य सरकारबरोबर चाललेल्या या प्रकल्पाने मालवण, देवगड व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत खेकडापालन, कालवपालन, कमी बियाणे व पाणी लागणाऱ्या ‘श्री’ पद्धतीची भातलागवड आणि निसर्ग पर्यटन यांची सांगड खाडीच्या जपणुकीशी घातली. २०१७मध्ये राज्याने हीच कल्पना कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना म्हणून सर्व किनारी जिल्ह्यांना लागू केली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफर हे या प्रयत्नांतले सर्वांत माहीत झालेले उदाहरण. ओहोटीला चिखलात उतरून कालवे फोडण्याचे आणि तिसऱ्या-खुबे वेचण्याचे काम या किनाऱ्यावर बायकांचेच असल्यामुळे खाडीची वळणे, खोली आणि भरतीच्या वेळा त्यांना पाठ होत्या; नवे होते ते पर्यटकांना इंजिनाशिवाय, वल्ह्यांवर होडी नेऊन झाडे ओळखून दाखवणे, आणि त्याचे पैसे घेणे. या सर्व खटाटोपात कर्बाचा उल्लेख प्रकल्पाच्या कागदांत असेलही, गावात नव्हता. गावात बोलले जात होते ते खेकड्याच्या दराविषयी.

दरम्यान जगातील चर्चा वेगळ्या टोकाला पोहोचली होती. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८मध्ये हवाईतील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास सुरुवात केली तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. औद्योगिक युगापूर्वी ते २८०च्या आसपास होते, आणि आता ते ४२०च्या वर गेले आहे. २००९मध्ये संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाने खारफुटी, सागरी गवत आणि खाऱ्या दलदली यांनी साठवलेल्या कर्बाला ‘नील कर्ब’ असे नाव दिले. २०११मध्ये डॅनियल डोनाटो आणि सहकाऱ्यांनी हिंद-प्रशांत प्रदेशातील २५ ठिकाणांच्या मोजणीवरून असे दाखवले की तेथील खारफुटीत हेक्टरी सरासरी १,०२३ टन कर्ब आहे आणि त्यातला फार मोठा भाग जमिनीखाली आहे; कर्बाच्या प्रत्येक टनामागे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हे गुणोत्तर धरले तर हा साठा हेक्टरी ३,७०० टनांहून अधिक वायूइतका होतो. २०१८मध्ये हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाने सांगितले की तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याच्या सर्व मार्गांत उत्सर्जन घटवण्याबरोबरच या शतकात १०० ते १,००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेतून परत काढावा लागेल. यंत्रांनी हे करण्याचे प्रयोग सुरू आहेत. आइसलंडमध्ये २०२१मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्का’ या संयंत्राची क्षमता वर्षाला ४,००० टन होती आणि २०२४च्या ‘मॅमथ’ची ३६,००० टन.

या पार्श्वभूमीवर खाडीचा हिशेब करताना साठा आणि ओघ यांची गल्लत करू नये. जगभरच्या मोजण्यांवरून खारफुटीचा एक हेक्टर वर्षाला साधारण ६ ते ८ टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब गाळात पुरतो, म्हणजे तीन-चार भारतीयांच्या सरासरी वार्षिक उत्सर्जनाएवढा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे महाराष्ट्रातील एकूण खारफुटी ३१५ चौरस किलोमीटर आहे. हाच दर तिला लावला तर वर्षाला दोन ते अडीच लाख टन होतात, आणि हजार मेगावॉटचे कोळशावरचे एक वीजकेंद्र जवळपास तेवढा वायू दोन आठवड्यांत सोडते. सिंधुदुर्गचा वाटा तर या ३१५ चौरस किलोमीटरांतील अगदी लहान. राज्याची नोंदलेली खारफुटी २०१५मध्ये २२२ चौरस किलोमीटर होती ती २०१७मध्ये ३०४ झाली, तेव्हाही वाढीचा मोठा भाग रायगड आणि ठाण्याकडचा होता. तेव्हा खाड्या जगाचे ऋण फेडतील ही अपेक्षा फोल आहे. त्यांचे खरे मोल शतकानुशतके पुरलेल्या साठ्यात आहे, कारण एक हेक्टर खणून काढला तर जो कर्ब सुटतो तो नव्या लागवडीने भरून काढायला शेकडो वर्षे लागतील. अंकगणिताच्या दृष्टीने दहा हेक्टरांवर रोपे लावण्यापेक्षा एका हेक्टरात जेसीबी न जाऊ देणे अधिक कर्ब राखते. छायाचित्र मात्र रोपे लावण्याचेच चांगले निघते.

लागवडीचाही इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. हरित हवामान निधीने २०१८मध्ये ४ कोटी ३४ लाख डॉलरचे अनुदान मंजूर केलेल्या प्रकल्पात आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र यांचा समावेश असून महाराष्ट्रातील निवडक क्षेत्रांत सिंधुदुर्ग आहे. १ फेब्रुवारी २०२३च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ‘मिष्टी’ ही केंद्राची योजनाही त्याच वाटेची. खाडीतल्या मातीने भरलेल्या पिशव्यांत, भरतीचे पाणी येईल अशा जागी रोपवाटिका करून पुढे ती रोपे चिखलात लावणे हे काम दिसते तितके सोपे नाही: उंचीचा अंदाज वीतभर चुकला की रोप एकतर कायम बुडलेले राहते किंवा कोरडे पडते, आणि रोपांना चिकटणारी कालवांची पिल्ले व सोडलेली गुरे उरलेल्यांचा निकाल लावतात. म्हणून जगभर आता पाण्याची जुनी वाट मोकळी करून देऊन बी आपोआप येऊ देण्याच्या पद्धतीकडे कल आहे. कोकणात फुटक्या उघाड्यांनी हेच, कोणाच्याही मार्गदर्शनाशिवाय, करून ठेवले.

शेवटी प्रश्न उरतो तो या कर्बाच्या मालकीचा. केनियाच्या गाझी उपसागरात ‘मिकोको पामोजा’ हा सुमारे ११७ हेक्टर खारफुटीचा प्रकल्प २०१३पासून कर्बपत, म्हणजे साठवलेल्या कर्बाचे विकता येणारे श्रेय, विकून गावाच्या पाण्याला व शाळेला पैसा पुरवतो. खारफुटीच्या कर्बावर उभा राहिलेला जगातील हा पहिलाच सामुदायिक व्यवहार मानला जातो. भारताने जून २०२३मध्ये कर्बपत व्यापाराची स्वतःची योजना अधिसूचित केली, आणि २०२५मध्ये तिच्यासाठी मान्य झालेल्या कार्यपद्धतींत खारफुटी लागवड व पुनर्लागवडीची पद्धत आहे. अशा पतीचा पाया असा की काम केले नसते तर जो कर्ब साठला नसता तोच मोजायचा; त्यामुळे आपोआप उगवलेले कांदळ आणि न्यायालयाच्या बंदीमुळे आधीच सुरक्षित असलेला जुना चिखल या हिशेबात सहसा बसत नाही, आणि बसते ते नव्याने, खर्च करून लावलेले रोप. कालावल किंवा कर्लीच्या काठच्या बुडालेल्या खारेचा सातबारा अजूनही एखाद्या कुटुंबाच्या नावावर असतो, त्यावर भातशेतीची नोंद असते, प्रत्यक्षात तिथे तिवर उभा असतो, कायद्याच्या दृष्टीने ते वन असते, आणि मालकाला ना पीक घेता येते, ना बांध घालता येतो, ना गेलेल्या जमिनीची भरपाई मिळते. कर्ब पुरण्याचा खर्च आज बहुतांशी या खातेदारांनीच उचललेला आहे, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचा पत्ता मुंबईचा आहे.